एकोणतिसावं दार

वरूड रस्त्यावरच्या संत्रा पॅकहाउसात
नवं यंत्र आलं, तेव्हा त्याला हार मीच घातला.
सहा कॅमेरे. एकेका फळाचे चोवीस फोटो.
कोळशी लागलेलं साल, देठाशी पडलेला चट्टा,
सगळं त्याला दिसतं,
आणि ते कधी डोळे चोळत नाही.
मला टचस्क्रीन येत होती, म्हणून मी लाइन लीडर.
नागपूरच्या हॉटेलात दोन दिवस ट्रेनिंग;
प्रमाणपत्र आईने लॅमिनेट करून
देवाच्या फोटोशेजारी टांगलं.

निवडीला चाळीस बाया होत्या.
आंबिया संपता संपता यंत्रानेच यादी काढली:
मिनिटाला किती फळं, किती चुका,
जागेवरून किती वेळा उठली.
अकरा हिरव्या. एकोणतीस लाल.
खाली एक चौकोन होता. मी बोट टेकवलं.
शेठ म्हणाले, ग्रुपवर टाकून दे,
रात्री नऊनंतर, म्हणजे कोणी फोन करत नाही.

"कळविण्यास खेद होतो की"
याच्या पुढे अंगठा जाईना.
पंचफुलाबाई उईके, निवडीची मुकादम,
बावीस हंगाम पाहिलेली,
उपड्या क्रेटवर बसून तळवे चोळत होती.
"काय लिहून राहिला गा मघापासून?"
मी फोन पालथा केला. तिने मागितलाही नाही.
"कामावर बलावाले मी दारोदारी गेली होती.
काढाचं असंन तं दारीच जा लागते.
चाल. टॉर्च घे."

तीन संध्याकाळी लागल्या.

पहिलं दार ललिता ढोकेचं.
मी म्हणालो, कंपनीने असं ठरवलंय की...
बरगडीत पंचफुलाबाईचं कोपर.
बाहेर आल्यावर, गोठ्याच्या अंधारात:
"कंपनी कोन व्हय? तिले पाय हायेत काय?
दारात तू उभा होता. मी म्हन."

दुसऱ्या दारी नाही जमलं. पाचव्याही नाही.
सुमन वाघाडे चुलीपुढून उठली नाही,
"ऐकलं" म्हणाली आणि भाकर उलटली.
नंदा खेरडेच्या नवऱ्याने दार लावून घेतलं,
मग उघडून पाण्याचा तांब्या पुढे केला.
बेबी सलामे हसली, हसतच राहिली,
मग बोटांवर मोजू लागली
तूर सोंगायला किती दिवस उरले.
रंजनाच्या घरी कळलं, ती इतक्यांदा का उठायची:
चाळीस जणींना पाणी द्यायला.
"म्याच नेमली होती तिले,"
पंचफुलाबाई पायाखाली पाहत म्हणाली.
त्या घरून निघाल्यावर बराच वेळ
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

कोणाची किती मजुरी अडकली,
हे तिला तोंडपाठ. मी वहीत उतरवत गेलो.
कौसल्याच्या पोरीची नर्सिंगची फी.
"थे तू शेठले सांगजो.
इनंती नोको करू. सांगजो."

अठ्ठावीस झाली.
शेवटचं दार मला पहिल्यापासून माहीत होतं;
ते येईपर्यंत टॉर्च विझावी
असंही एकदा वाटून गेलं.
ती आपल्या ओट्यावर चढली,
खांद्यावरची शाल ओढून बसली.
"आता सांग."

तुम्हाला कोणी बोललं?
"मले मोजता येते लेका. अठ्ठावीस झाले.
एक कोन रायलं? सांग.
उभ्यानं नाही, बसून सांग."

बसलो. ओटा गार होता.
पंचफुलाबाई, म्हणालो,
उद्यापासून तुमचं नाव यादीत नाही.
यादी यंत्राने काढली,
आणि... नाही.
यादीखाली बोट माझं आहे. मी ठेवलं.

गल्लीच्या टोकाला कोणाची तरी मोटरसायकल
चालू होता होता बंद पडली. पुन्हा किक. पुन्हा.

"हां," ती म्हणाली, "आता बरोबर म्हनलं."
गुडघ्यावर हात टेकून उठली,
आत जाता जाता, माझ्याकडे न पाहता:
"जेवला काय?"